दोस्त राष्ट्रांमधील युद्धकर्जे

पहिल्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर लगेच दोस्त राष्ट्रांच्या सरकारांनी एकमेकांकडून घेतलेल्या कर्जांना 'दोस्त राष्ट्रांमधील युद्धकर्जे' असे म्हणतात. पराभूत जर्मनीकडून वसूल करावयाच्या युद्धभरपाईपासून ती कायद्याने वेगळी होती. व्यवहारात मात्र दोन्हींची परतफेड एकमेकांत गुंतून गेली.

पार्श्वभूमी

युद्धाच्या आरंभी ब्रिटन हा दोस्तांचा प्रमुख धनको होता. फ्रान्स, इटली व रशिया यांना त्याने मोठ्या रकमा दिल्या. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर ही जबाबदारी मुख्यतः तिच्याकडे आली. अमेरिकी सरकारने स्वतःच्या नागरिकांना 'लिबर्टी' रोखे विकून पैसा उभारला व मित्रदेशांना एकूण सुमारे १० अब्ज डॉलर कर्जाऊ दिले. १९१८ मध्ये रशियाच्या बोल्शेविक सरकारने झारकालीन कर्जे नाकारल्यामुळे ब्रिटन व फ्रान्स यांचे तेथील येणे बुडाले.

परतफेडीचा वाद

आपण सैनिकांचे प्राण दिले, तर अमेरिकेने पैसा दिला; म्हणून कर्ज हा समान लढ्यातील तिचा वाटा समजावा, अशी फ्रान्समधील अनेकांची भूमिका होती. याउलट, ऋणकोंनी पैसे न दिल्यास रोखेधारकांची देणी अमेरिकी करदात्यांवर पडतील, असे अमेरिकेत मानले जाई. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१९ मध्येच ही कर्जे रद्द करण्याची सूचना केली होती. ऑगस्ट १९२२ च्या बाल्फोर टिपणात ब्रिटनने जाहीर केले, की अमेरिकेला जेवढे द्यावे लागेल, तेवढेच आपण आपल्या ऋणकोंकडून घेऊ.

करार

ब्रिटनने १९२३ मध्ये ४.६ अब्ज डॉलरचे मुद्दल ६२ वर्षांत फेडण्याचे मान्य केले. व्याजदर पहिली दहा वर्षे ३ टक्के व पुढे ३.५ टक्के होता. इटलीला १९२५ मध्ये बरीच सौम्य व्याजाची सवलत मिळाली. फ्रान्सशी १९२६ मध्ये झालेल्या मेलन–बेरांजे करारास फ्रेंच संसदेने १९२९ मध्ये मान्यता दिली.

परतफेडीचे चक्र व त्याचा भंग

परदेशी कर्ज शेवटी सोने किंवा माल देऊनच फिटते. परंतु अमेरिकेने १९२२ व १९३० मध्ये आयातकर वाढवल्याने ऋणको देशांना डॉलर मिळवणे कठीण झाले. १९२४ च्या डॉज योजनेनंतर अमेरिकी गुंतवणूकदार जर्मनीला कर्ज देत, जर्मनी दोस्तांना भरपाई देई आणि दोस्त त्यातून अमेरिकेचे हप्ते भरत. महामंदीत हा कर्जपुरवठा आटताच चक्र थांबले.

राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी जून १९३१ मध्ये एक वर्षाची स्थगिती सुचवली. १९३२ च्या लोझान परिषदेत युद्धभरपाई जवळजवळ संपुष्टात आली; पण अमेरिकी काँग्रेसने कर्जमाफी नाकारली. डिसेंबर १९३२ मध्ये ब्रिटनने हप्ता भरला. फ्रान्सने तो चुकवला. १९३३ मध्ये ब्रिटनने केवळ नाममात्र रकमा दिल्या व १९३४ मध्ये त्याही थांबल्या.

परिणाम

हप्ते थकवणाऱ्या सरकारांना अमेरिकेत नवे कर्ज मिळू नये, यासाठी १९३४ मध्ये जॉन्सन कायदा झाला. पुढे दुसऱ्या महायुद्धात तोच पेच टाळण्यासाठी १९४१ च्या 'लेंड-लीज' कायद्यान्वये रोख कर्जाऐवजी थेट युद्धसामग्री पुरवण्यात आली. फिनलंड हे दोस्त राष्ट्र नव्हते. त्याचे कर्ज युद्धोत्तर अन्नसाहाय्याचे व तुलनेने अल्प होते. मात्र त्याने हप्ते नियमित चालू ठेवले आणि १९७६ मध्ये ते पूर्ण फेडले.