गोधडीची मागची बाजू

टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात दरवर्षी आपल्या दिवाळीच्या आगेमागे ‘इंटरनॅशनल क्विल्ट फेस्टिव्हल’ भरतो. केरी ब्रेसनहन यांनी १९७०च्या दशकात सुरू केलेला हा मेळावा आज जगातल्या मोठ्या गोधडी-उत्सवांपैकी एक आहे. जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरच्या अवाढव्य दालनात गोधड्या चित्रांसारख्या उभ्या टांगलेल्या असतात. हात लावायला बंदी. पण पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका जागोजागी असतात. विनंती केली की त्या गोधडीचा कोपरा अलगद उलटून मागची बाजू दाखवतात. नागपूरहून इतक्या लांब गेल्याचं सार्थक मला तिथे वाटलं. जाणकार बाया आधी मागची बाजूच बघायला मागतात, कारण टाका खरा कसा पडलाय ते तिथे कळतं. आणि तिथेच एका कोपऱ्यात कापडाची पट्टी शिवलेली असते: करणारीचं नाव, गाव, साल.

आमच्याकडच्या गोधडीला अशी पट्टी नसते. जुनी सुती लुगडी, धोतरं, फाटकी चादर अंगणात एकावर एक अंथरायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि मोठ्या सुईने धावदोरा घालत सुटायचं. आत वेगळा कापूस नाही. जुन्या कापडाचे थर हीच ऊब. अमेरिकन शिवणकाम बहुधा मधून कडेकडे जातं, म्हणजे चुण्या बाहेर सरकतात. आपली बाई मात्र बहुतेक वेळा कडेने सुरुवात करून घेरे घेत मध्यावर येते. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बाया त्यांची ‘कवंदी’ अशीच शिवतात. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे हे वंशज. त्यांची बोली कोकणी-मराठीच्या जवळची. कवंदीच्या चारी कोपऱ्यांना घडीचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना म्हणतात ‘फुला’. ती लावली नाहीत तर कवंदी उघडी राहिली असं त्या मानतात.

ह्यूस्टनचं आणखी एक महत्त्व आहे. अलाबामातल्या गीज बेंड या खेड्यातल्या काळ्या बायांच्या गोधड्या २००२ साली पहिल्यांदा मोठ्या प्रदर्शनात मांडल्या गेल्या त्या इथल्याच कलासंग्रहालयात. तिथून त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेल्या आणि समीक्षकांना आधुनिक चित्रकला आठवली. गीज बेंडमध्ये पेटवे आडनावाची माणसं पुष्कळ. ते आडनाव त्यांच्या गुलाम पूर्वजांच्या मालकाचं. नदीपलीकडे तालुक्याचं गाव. १९६०च्या दशकात इथले लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला तिकडे जाऊ लागले, तर १९६२ साली फेरीबोटच बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडलं. त्या बायांनी १९६६मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. मतदानाच्या हक्कासाठी उभं राहिलं की मालक जमीन आणि काम काढून घेत, म्हणून पोटाची सोय आधी करावी लागली. सुई-दोऱ्याने ती केली.

मिझुरी पेटवे यांची १९४२ची गोधडी मी विसरू शकत नाही. नवरा वारला तेव्हा त्याचे शेतातले कामाचे कपडे उसवून त्यांनी ती शिवली, त्याची आठवण म्हणून पांघरायला. घामाने विटलेल्या निळ्या-करड्या पट्ट्या, गुडघ्याच्या जागी मूळ रंगाचा गडद डाग राहिलेला.

गीज बेंड हे कापसाचं रान, आणि आपणही कापसाचेच. १८६१ ते १८६५च्या ज्या अमेरिकी यादवी युद्धाने तिथली गुलामगिरी संपवली, त्याच युद्धामुळे अमेरिकी कापूस अडला आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी वऱ्हाडाकडे मोर्चा वळवला. १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १ जानेवारी १८७७ला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्या कापसाच्या अर्थव्यवस्थेत राबलेल्या दलित बाया २० जुलै १९४२ला नागपूरच्या मोहन पार्कात हजारोंनी जमल्या होत्या. डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी घटस्फोटाच्या हक्काचा, बहुपत्नीत्वाला बंदीचा, कामगार बायांच्या रजेचा ठराव केला. त्याच वर्षी तिकडे मिझुरी पेटवे शिवत होत्या. या दोन गोष्टी मला वेगळ्या ठेवता येत नाहीत.

गोधडी थेट रस्त्यावर आली ती एड्सच्या काळात. १९८५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्लीव्ह जोन्स आणि सोबत्यांनी मृतांच्या नावांचे फलक एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले. ते गोधडीसारखे दिसले आणि कल्पना सुचली. एकेक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे एका थडग्याएवढा. अनेकांना धड अंत्यविधीही मिळाला नव्हता. ११ ऑक्टोबर १९८७ला वॉशिंग्टनच्या मैदानात १,९२० तुकडे अंथरले गेले, आणि आज त्यांची संख्या ५० हजारांच्या घरात आहे. ‘ही कला की चळवळ?’ असा प्रश्न उत्सवातल्या परिसंवादात हमखास निघतो. मला तो चुकीचा वाटतो. ज्याचं नाव घ्यायला सरकार तयार नव्हतं, त्याचं नाव आईने टाक्याटाक्याने लिहिलं. त्यात कुठला टाका कलेचा आणि कुठला निषेधाचा, ते वेगळं काढणार कसं?

नागपूरच्या माणसाला हे नवं वाटू नये. दीक्षाभूमीवर येणाऱ्या भन्तेजींचं चीवर जवळून पाहा: ते अखंड वस्त्र नसतं, शिवणी स्पष्ट दिसतात. विनयपिटकात कथा आहे की बुद्धांनी मगधातली बांधबंदिस्तीची शेतं दाखवून आनंदाला तसं चीवर बेतायला सांगितलं. टाकून दिलेल्या चिंध्या धुऊन त्यांचं पवित्र वस्त्र करणं हा विषमतेला दिलेला जवाबच होता. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे गाडगेबाबा ठिगळांचं वस्त्र अंगावर घेऊन, हातात खराटा धरून गावोगाव फिरले. लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत.

आता सुती लुगडं सहज मिळत नाही. एम्प्रेस मिल बंद पडली, घरोघरी सिंथेटिक साड्या आल्या. त्यातून सुई नीट चालत नाही, कापड सरकतं, थंडीत ऊबही बेताचीच. घरोघरी जाऊन मजुरीवर गोधडी शिवून देणाऱ्या बाया अजून आहेत, पण ब्लँकेट स्वस्त झाल्यापासून त्यांना काम कमी. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं, ते फ्रान्समधल्या प्रकाशनाने छापलं.

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३पासून उभा आहे. तिथे विदर्भातल्या गोधड्यांचं एक दालन व्हावं असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक गोधडी दोन्ही बाजूंनी दिसेल अशी टांगावी आणि शिवणारीचं नाव, गाव, साल, तिला मिळालेली मजुरीसुद्धा शेजारी लिहावी. माझ्या घरच्या दोन गोधड्या द्यायला मी तयार आहे. त्या शिवणाऱ्या बाईंचा पत्ता मिळवून आधी त्यांना विचारीन.