‘एक्स्पोनेन्शियल’ म्हणजे नुसतं ‘भराभर’ नव्हे



आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचं आहे. इंग्रजीचा तास घ्यायला मी बसलेली नाही, घाबरू नका. पण हा शब्द आता आपल्या दारात आलाय. मोबाइलवरच्या व्हिडिओत तो येतो, प्रशिक्षणाला आलेले साहेब बोलतात, गुंतवणुकीची योजना घेऊन येणारा माणूस तर दर दोन वाक्यांनी म्हणतो. तो शब्द म्हणजे ‘एक्स्पोनेन्शियल ग्रोथ’. “ताई, तुमच्या पैशाची एक्स्पोनेन्शियल ग्रोथ होईल.” ऐकणारी मान हलवते. ‘ग्रोथ’ म्हणजे वाढ एवढं तिला ठाऊक असतं. पुढच्या लांबलचक शब्दाचा अर्थ ‘खूप’, ‘भराभर’ असा काहीतरी असेल, असं ती धरून चालते.

तिथेच घोटाळा होतो. या शब्दाचा नेमका अर्थ ‘भराभर’ असा नाही. त्याचा अर्थ ‘पटीत’ असा आहे.

आपल्या मराठीत याला जवळचा शब्द आहे आणि तो तुम्हा सगळ्यांना पाठ आहे: चक्रवाढ. मुद्दलावर व्याज, त्या व्याजावर पुन्हा व्याज. जेवढं आहे तेवढ्याच्या प्रमाणात ते वाढतं, आणि वाढलेलं पुन्हा वाढीला हातभार लावतं. मुलांच्या गणिताच्या पुस्तकात ‘घातांक’ नावाचा धडा असतो, त्यावरून या वाढीला ‘घातांकी वाढ’ म्हणतात. दोनाला दोनाने गुणा, आलेल्या उत्तराला पुन्हा दोनाने गुणा, असं गुणत जायचं. यातला ‘घात’ म्हणजे दगाफटका नव्हे. पण शब्द समजून घेतला नाही तर तोही होऊ शकतो, ते पुढे सांगते.

वजाबाकी करा, मग भागाकार करा

वाढ कोणत्या जातीची आहे हे ओळखायला आपल्या हिशेबाच्या वहीतली दोन गणितं पुरतात.

समजा, एका गटाने पहिल्या महिन्यात ५,००० रुपयांचे पापड विकले. दुसऱ्या महिन्यात ८,०००, तिसऱ्यात ११,०००, चौथ्यात १४,०००. आता वजाबाकी करा. आठातून पाच गेले तीन, अकरातून आठ गेले तीन, चौदातून अकरा गेले तीन. दर महिन्याला तेवढीच, म्हणजे ३,००० रुपयांची भर. ही सरळ वाढ झाली. चांगली आहे, भरवशाची आहे, पण ती एक्स्पोनेन्शियल नाही.

दुसऱ्या गटाची विक्री बघा: ५,०००, १०,०००, २०,०००, ४०,०००. इथे वजाबाकी केली तर पाच, दहा, वीस असं दर वेळी वेगळं उत्तर येतं. मग भागाकार करा. पुढच्या महिन्याला मागच्या महिन्याने भागा. दर वेळी उत्तर दोन. भागाकार तोच येत राहिला की समजायचं, वाढ पटीत होते आहे. हिला एक्स्पोनेन्शियल म्हणायचं.

लक्षात ठेवायला सोपं आहे. वजाबाकीचं उत्तर तेच येत असेल तर सरळ वाढ. भागाकाराचं उत्तर तेच येत असेल तर पटीतली वाढ.

आणखी एक. दोनच आकड्यांवरून काही कळत नाही. मागच्या वर्षी ग्रामसंघात २० गट होते, यंदा ४० झाले. दुप्पट झाले की वीसने वाढले? दोन्ही खरं आहे. तिसरं वर्ष आल्यावरच कळेल, ६० होतात की ८०. म्हणून निदान तीन आकडे हातात आल्याशिवाय हा शब्द तोंडात घेऊ नये. चार-पाच असले तर अधिक बरं.

कासवाच्या चालीनेही होते

पटीतली वाढ जोरातच असायला हवी, असंही नाही. बँकेत दरसाल ६ टक्क्यांनी ठेव ठेवली आणि व्याज काढलं नाही, तर ती दुप्पट व्हायला साधारण १२ वर्षं लागतात. कासवाची चाल, पण जात चक्रवाढीचीच. (७२ ला व्याजाच्या दराने भागलं की दुप्पट होण्याचा अंदाजे काळ मिळतो. ७२ भागिले ६ म्हणजे १२. ही युक्ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.)

आता झपाट्याचं उदाहरण घ्या. डेअरीला दूध घालणाऱ्या तायांना हे लगेच पटेल. उबदार हवेत, सगळं मनासारखं मिळालं तर काही जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे तासाभरात ८ पट, दोन तासांत ६४ पट, तीन तासांत ५१२ पट. पहिल्या तासात दुधाला काहीच झालेलं दिसत नाही, म्हणून आपण निवांत असतो. नासायला लागलं की मात्र बघता बघता नासतं. दूध लवकर थंड करा असं सांगतात ते याचसाठी. थंडीत ही दुप्पट होण्याची चाल मंदावते.

नदीतली जलपर्णीही तशीच. आज कोपऱ्यात चार रोपं, उद्या थोडी जास्त, कुणी लक्ष देत नाही. अर्धं पात्र झाकलं जातं तेव्हा आरडाओरडा होतो. पण दुप्पट होत जाणाऱ्या वस्तूला अर्ध्यावरून पूर्ण व्हायला एकच पाऊल उरलेलं असतं. या वाढीचा स्वभावच असा: सुरुवातीला दिसत नाही आणि दिसते तेव्हा आवरत नाही.

कर्ज वाढतं तेव्हा

हाच स्वभाव कर्जाचा. समजा, कुणी महिना शेकडा ३ रुपयांनी १०,००० रुपये उचलले आणि काहीच फेडलं नाही. व्याज साधं असेल तर दोन वर्षांनी देणं १७,२०० होईल, चार वर्षांनी २४,४०० आणि सहा वर्षांनी ३१,६००. पण सावकार न भरलेलं व्याज दर महिन्याला मुद्दलात चढवत असेल, तर दोन वर्षांनी साधारण २०,३००, चार वर्षांनी ४१,३०० आणि सहा वर्षांनी ८४,०००. पहिल्या दोन वर्षांत फरक तीन हजारांचा, म्हणून तो खुपत नाही. सहाव्या वर्षी तो पन्नास हजारांच्या वर जातो.

आपल्या भागातल्या शेतकऱ्यांनी हे सोसलेलं आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून सावकारांविरुद्ध उठाव सुरू झाला, तो अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. लोकांनी कर्जाची खतं हिसकावून जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

आपल्याकडे ‘दामदुपट’ नावाचा फार जुना नियमही होता. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये, असं तो सांगे. मुंबई इलाख्यातली न्यायालयंही तो मानत. म्हणजे चक्रवाढीला कुठेतरी बांध घालावा लागतो, हे जुन्या माणसांनाही कळत होतं. आणि आज? ‘दामदुप्पट योजना’ म्हणून जाहिराती येतात! ज्या शब्दाने कर्जदाराला आडोसा दिला, तोच शब्द आता गळाला लावतात.

सहा जणी जोडा

या गळाकडे नीट बघू या. साखळी योजनेवाला म्हणतो, “तुम्ही फक्त सहा जणी जोडा, त्या प्रत्येकी सहा जोडतील, बघा कशी एक्स्पोनेन्शियल ग्रोथ होते.” इथे त्याने शब्द अगदी बरोबर वापरलेला असतो! तोच शब्द धरून आपण गणित पुढे न्यायचं.

पहिल्या पायरीला ६ जणी. मग ३६, २१६, १,२९६, ७,७७६. सहाव्या पायरीला ४६,६५६, म्हणजे एखादं छोटं शहर. आठव्या पायरीला १६,७९,६१६. दहाव्या पायरीला ६ कोटींच्या वर. अकराव्या पायरीला ३६ कोटींच्या वर. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या, बाया-बाप्ये-लेकरं धरून, ११ कोटी २४ लाखांच्या आसपास होती. अकराव्या पायरीच्या बायका आणायच्या कुठून?

म्हणजे साखळी तुटणारच. आणि ती कुठेही तुटली, तरी साखळीत आलेल्या दर सहा जणींतल्या जवळपास पाच जणी शेवटच्या ओळीत असतात. त्यांच्याखाली कुणीच नसतं. त्यांचे पैसे वरच्यांना गेलेले असतात, त्यांना द्यायला कुणी उरलेलं नसतं. त्या पाच जणी म्हणजे कोण? आपल्या शेजारणी, जावा, नणंदा, ज्यांना आपणच बोलावून आणलेलं असतं. पैसा जातो आणि नातंही जातं. अशा पैसे फिरवण्याच्या साखळ्यांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. म्हणून कुणी हा शब्द घेऊन आला, तर त्याला शांतपणे विचारायचं, “भाऊ, अकराव्या पायरीचं गणित मांडून दाखवता का?”

एक गोष्ट पक्की समजा. पटीतली वाढ कायमची टिकत नाही. जलपर्णीला काठ आडवा येतो, नासलेल्या दुधातही जिवाणूंचं खाद्य संपतं, साखळीला माणसं कमी पडतात. वाढीची गोष्ट कुणी सांगितली की तिचा काठ कुठे आहे, हे विचारायला विसरू नका.

आपल्या अहवालात काय लिहायचं

आता आपल्या कामाचं. हल्ली गटाचा प्रस्ताव इंग्रजीत लिहायला आपण कॉलेजला जाणाऱ्या मुलीला बसवतो. चांगलंच आहे. पण वाक्य वजनदार व्हावं म्हणून ती लिहून जाते, “अवर सेल्स आर ग्रोइंग एक्स्पोनेन्शियली.”

वर सांगितलेल्या पापडवाल्या गटाचं असं वाक्य लिहिलं तर काय होईल? पहिल्या महिन्यात पाच हजार, दुसऱ्यात आठ, म्हणजे १.६ पट. दर महिन्याला असंच १.६ पट होणार असं धरलं, तर वर्षभराने महिन्याची विक्री १४ लाख रुपये दिसते! प्रत्यक्षात दर महिन्याला तीन हजारांची भर धरली, तर ती ४१,००० होईल. चौदा लाखांच्या हिशेबाने यंत्र घेतलं आणि विक्री एक्केचाळीस हजारांची झाली, तर हप्ता कशातून जाणार? बायांच्या बचतीतून. एका शब्दाची ही किंमत.

म्हणून त्या मुलीला एवढं सांगा. वाढ सरळ असेल तर ‘स्टेडी ग्रोथ’ लिही, किंवा ‘अवर सेल्स हॅव ग्रोन स्टेडिली’. वाढ जोरात असेल, पण भागाकार जुळत नसेल, तर ‘रॅपिड ग्रोथ’. भागाकार तीन-चार वेळा तोच आला, तरच ‘एक्स्पोनेन्शियल ग्रोथ’, आणि सोबत आकडेही दे. ‘ग्रोथ’ हे नाम आहे, त्याच्या आधी ‘एक्स्पोनेन्शियल’ येतं. ‘ग्रो’ हे क्रियापद आहे, त्याच्यासोबत ‘एक्स्पोनेन्शियली’ येतं. ‘एक्स्पोनेन्शियल ग्रो’ असं कुणी म्हणत नाही.

इंग्रजी बोलणारे लोकही गप्पांमध्ये हा शब्द नुसता ‘खूप जोरात’ या अर्थाने वापरतात, हे खरं आहे. गप्पांत चालतं. हिशेबात, प्रस्तावात आणि पैसे देताना चालत नाही.

‘स्टेडी’ शब्दात कमीपणाही नाही. दर महिन्याला ठरलेली बचत, ठरलेल्या तारखेला बैठक, वेळेवर हप्ता, यावरच आपले गट उभे राहिले. बँकेचे साहेबही आधी तेच तपासतात.

पुढच्या बैठकीत एक करा. सचिवताईंना वही उघडायला सांगा. मागच्या सहा महिन्यांची बचत किंवा विक्री फळ्यावर मांडा. आधी वजाबाकी करा, मग भागाकार करा, आणि आपली वाढ कोणत्या जातीची आहे ते सगळ्या मिळून ठरवा. जिला लिहिता येत नाही तिलाही तोंडी हिशेबात घ्या. तिचा तोंडी हिशेब बहुतेक वेळा आपल्यापेक्षा पक्का असतो.

येते मग. पुन्हा भेटू, तोवर हिशेब सांभाळा. नमस्कार!