क्वेकर पूर्वजांचा माग

इंग्लंडमधील क्वेकर पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने चर्चच्या नोंदवहीपाशी थांबू नये. क्वेकरांमध्ये बाप्तिस्मा नसे; जन्म, विवाह व दफन यांच्या नोंदी त्यांच्या सभा स्वतःच ठेवीत. त्यांपैकी बऱ्याचशा वह्या आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. विवाहपत्रावर उपस्थित साक्षीदार सह्या करीत. त्यामुळे एकाच कागदावर पुष्कळसा गोतावळा सापडतो. तारीख वाचताना मात्र सावध असावे. महिन्यांना नावांऐवजी क्रमांक असत आणि १७५२ पूर्वी ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च.

मासिक सभेची इतिवृत्ते याहून बोलकी आहेत. दिवाळे निघालेल्या व्यापाऱ्याची तेथे चौकशी होई. तुरुंगातील स्त्रियांसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांचे पती जोसेफ यांची पेढी १८२८ मध्ये बुडाली, तेव्हा जोसेफ यांचे सभासदत्व काढून घेण्यात आले. पत्नीची कीर्तीही त्यांना वाचवू शकली नाही.

आपल्या पूर्वजाविषयी अशी नोंद आढळल्यास कुलवृत्तांतातून ती गाळू नये. ज्या वहीने बुडीत देणे लपविले नाही, त्याच वहीतील सचोटीची नोंद विश्वासास पात्र ठरते.