जळमटं, कंबर आणि अर्ध्या मिनिटाचं गणित

दसरा झाला की माळे रिकामे होऊ लागतात. पितळेचे डबे खाली येतात, पंख्याची पाती पुसली जातात आणि काठीला बांधलेला कुंचा छताच्या कोपऱ्यांतून फिरू लागतो. जळमटं काढणारा माणूस पाच मिनिटांतच म्हणतो, ‘हात भरून आले.’ तोच माणूस मंडईपर्यंत चालत जाऊन येतो तेव्हा हूं की चूं करत नाही. खरं तर झाडलोट करताना किंवा लादी पुसताना शरीर स्वस्थ बसण्याच्या साधारण तिप्पट ऊर्जा खर्चतं, म्हणजे जवळपास चालण्याइतकीच. मग दमतं काय?

दमतो तो एखादा स्नायू. चालताना पायाचा स्नायू आवळतो, सुटतो, पुन्हा आवळतो. दर वेळी सुटला की ताजं रक्त आत शिरतं. डोक्यावर धरून ठेवलेल्या हाताला ही सुटका मिळत नाही. आवळलेला स्नायू स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्या दाबून धरतो. जर्मन संशोधक वाल्टर रोमर्ट यांनी १९६० मध्ये मांडलेल्या आलेखानुसार, कमाल ताकदीच्या निम्म्या जोराने स्नायू सलग आवळून धरला तर तो जेमतेम मिनिटभर टिकतो.

त्याच वर्षी स्वीडनमधल्या इर्मा ओस्ट्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायामाच्या सायकलीवर इतका जड भार ठेवला, की सलग पायडल मारणारा धडधाकट माणूस नऊ मिनिटांत गळून जाई. मग त्याच भारावर त्याच माणसाला तासभर काम दिलं, पण निम्मा वेळ काम आणि निम्मा वेळ विश्रांती अशा पद्धतीने. तीन मिनिटं काम, तीन मिनिटं आराम असं केलं तेव्हा तासाअखेरीस तो पार थकला होता. अर्धं मिनिट काम, अर्धं मिनिट आराम असं केलं तेव्हा तास सहज निभावला, आणि रक्तातलं लॅक्टिक आम्ल फारसं वाढलंच नाही. दोन्ही वेळा एकूण काम सारखं, एकूण आरामही सारखा. बदलले ते फक्त तुकडे. संशोधकांचा तर्क असा, की स्नायूंतल्या मायोग्लोबिनला थोडा प्राणवायू बांधलेला असतो. छोट्या तुकड्यात ही शिल्लक संपायच्या आत काम थांबतं आणि ती पुन्हा भरून निघते.

दमल्यावर बसायचं ही आपली रीत. हा प्रयोग सांगतो की दमायच्या आत थांबा. जळमटं काढताना एक कोपरा झाला की हात खाली सोडायचे, दहा श्वास जाऊ द्यायचे, मग पुढचा कोपरा.

कंबरेचा हिशेब मात्र वेगळा आहे. वाकून केरसुणी मारताना पाठीचे अस्थिबंध हळूहळू ताणले जातात आणि सैल पडतात. कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी लोकांना वीस मिनिटं पूर्ण वाकवून बसवलं. नंतर दोन मिनिटांच्या विश्रांतीत पाठीचा ताठरपणा निम्मा परत आला, पण थोडा सैलपणा अर्ध्या तासानंतरही उरला होता. म्हणून लादी पुसून उठल्या उठल्या भरलेली बादली उचलणं हा सगळ्यात वाईट मुहूर्त. आधी सरळ उभं राहावं, हात कंबरेवर ठेवून किंचित मागे झुकावं, दोन मिनिटं जाऊ द्यावीत. आणि हो, सोफ्यावर पोक काढून मोबाइल बघणं ही कंबरेला विश्रांती नव्हे. ती वाकलेलीच राहते.

यातून कामाचा क्रम आपोआप सुचतो. छताचं काम झालं की कपाटाचा खण आवरायचा, लादी झाली की उभ्याने भांडी पुसायची. एका स्नायूचं काम चाललेलं असताना दुसरा दम खातो. आणि अख्खं घर एका रविवारी काढायचा हट्ट सोडून आज माळा, उद्या पंखे अशी वाटणी केली, तर लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू लावताना कंबरेला पट्टा लागणार नाही.

अडचण आहे ती वेगळीच. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार कामगाराला सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नसे. त्याआधी किमान अर्ध्या तासाची सुट्टी द्यावीच लागे. घरात असा भोंगा वाजत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जात होती, पुरुषांची ८८. त्या २८९ मिनिटांत मध्येच दोन मिनिटं टेकलेल्या बाईला ‘झालं का गं?’ असं विचारणारं कोणीतरी प्रत्येक घरात असतंच. त्याने प्रश्न विचारण्याऐवजी कुंचा हातात घेतला, तर पुढचा कोपरा होईपर्यंत तिच्या खांद्यांत रक्त परतलेलं असेल.