पाणी धरून ठेवणारी साखळी

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातले फुलसावंगी हे कापूसपट्ट्यातले गाव. इथल्या बोंडातून निघणारा धागा बव्हंशी सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज म्हणजे एकाला एक जोडलेल्या ग्लुकोजच्या हजारो घटकांची लांबलचक साखळी. अशा साखळ्यांना पॉलिमर, म्हणजेच बहुवारिक म्हणतात. रबर, नायलॉन, पिठातला स्टार्च, प्लास्टिकची पिशवी हे सगळे त्याच कुळातले. रेणू इतके लांब असू शकतात, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मन स्टॉडिंगर यांनी १९२० साली मांडले, तेव्हा अनेक समकालीनांनी ते मानले नाही. स्टॉडिंगर यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ मध्ये.

या शास्त्रातले महाराष्ट्राला सर्वाधिक परिचित नाव डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे. जन्म १९४३ चा, गोव्यातल्या माशेलचा. वडील लहानपणीच गेले, आई मुलाला घेऊन मुंबईत आली. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या महिना ६० रुपयांच्या शिष्यवृत्तीने शिक्षणाला आधार दिला. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, म्हणजे यूडीसीटीतून १९६९ मध्ये पीएच.डी., मग इंग्लंडमधले साल्फर्ड विद्यापीठ आणि १९७६ मध्ये पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल. १९८९ मध्ये ते तिथे संचालक झाले, तर १९९५ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे महासंचालक. १९९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले.

पॉलिमरची घट्ट द्रावणे कशी वाहतात आणि जेल कसे फुगते, हे त्यांच्या संशोधनाचे दोन मोठे विषय. फुगण्यामागचे कारण समजायला सोपे आहे. अशा जेलमधल्या पॉलिमरच्या साखळ्यांवर विद्युतभारित गट असतात, त्यांच्या सोबतीला सोडियमचे आयन असतात. आतल्या आयनांमुळे बाहेरचे पाणी परासरणाने जेलमध्ये शिरते. साखळ्या एकमेकींना ठिकठिकाणी जोडलेल्या असल्याने त्या विरघळून जात नाहीत, फक्त ताणल्या जातात. त्यामुळे अशा जेलची चिमूटभर कोरडी भुकटी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरते. बाळाच्या डायपरमध्ये हेच घडते. एनसीएलमध्ये स्टार्चपासून बनवलेल्या अशा पदार्थाला ‘जलशक्ती’ असे नाव मिळाले. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजवर आधारलेले ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केले. पावसात खंड पडला तरी मुळांजवळ ओल टिकावी, हा दोन्हींचा हेतू.

अशा संशोधनाचे वजन जगात बहुतेकदा उद्धरणांवर ठरते. एका शोधनिबंधाचा दुसऱ्याने आधार घेतला आणि तसा उल्लेख केला, की एक उद्धरण जमा होते. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू केला आणि ही मोजणी व्यवस्थित होऊ लागली. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचवला. तो ४० असेल, तर त्या शास्त्रज्ञाच्या ४० निबंधांना प्रत्येकी किमान ४० उद्धरणे मिळालेली असतात.

चांगला विचार किती काळ उपयोगी पडतो, हे उद्धरणांतून खरोखर कळते. जेलच्या फुगण्याचे गणित फ्लोरी आणि रेनर यांनी १९४३ मध्ये मांडले. आजही या विषयावर लिहिणारे त्याच निबंधाकडे जातात. एनसीएलमध्येही अशी परंपरा दिसते. तिथे पीएच.डी. केलेल्या शायनी वर्गीस यांच्या अमेरिकेतल्या गटाने २०१२ मध्ये, कापल्यावर आम्लात काही सेकंदांत पुन्हा सांधणाऱ्या जेलवर निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या लेखकांत माशेलकर आणि एनसीएलचे आशिष लेले हेही होते.

मात्र या आकड्यांची तुलना जपून करावी लागते. पॉलिमरवर काम करणारे जगभर असंख्य आहेत, त्यामुळे या क्षेत्रातला मध्यम निबंधही गणितातल्या उत्तम निबंधापेक्षा अधिक उद्धरणे मिळवू शकतो. आढावा घेणारे लेख मूळ प्रयोगांपेक्षा जास्त वेळा उद्धृत होतात. शिवाय शेतातला उपयोग उद्धरणांतून कळत नाही: प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात मोजलेली फुगण्याची क्षमता शेतात तशीच राहत नाही. विदर्भातल्या काळ्या जमिनीत कॅल्शियम भरपूर असते. कॅल्शियमचा एक आयन दोन भारित गटांना बांधतो, जाळे घट्ट होते आणि जेल कमी पाणी घेते. वरच्या मातीचा दाबही फुगण्याला आवर घालतो.

म्हणून कोरडवाहू कापसासाठी जेल सुचवताना काही वेगळ्या नोंदी आवश्यक ठरतात: विहिरीच्या पाण्यात ते किती फुगते, ओल आणि कोरडेपणाच्या किती फेऱ्या टिकते, एकरी खर्च किती आणि पावसाचा खंड पडलेल्या वर्षी उत्पन्नात काय फरक पडला. असे निष्कर्ष बहुधा स्थानिक कृषी नियतकालिकांत छापले जातात आणि त्यांना उद्धरणे थोडीच मिळतात. एखाद्या शास्त्रज्ञाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या प्रभावांकावरून, म्हणजे त्यातल्या निबंधांना मिळणाऱ्या सरासरी उद्धरणांवरून करू नये, असे २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेले ‘डोरा’ घोषणापत्र सांगते. निवड समित्यांनी एच-निर्देशांकाबरोबर शेतातल्या चाचण्यांचे अहवालही मागवले, तर कृषी विद्यापीठांतल्या तरुण संशोधकांना महागाव किंवा शेजारच्या उमरखेड तालुक्याच्या शिवारात सलग तीन-चार हंगाम काम करणे परवडेल.