ताप उतरला, तरी सांभाळा!

पावसाळा सरत आला की आमच्या पालघर-बोईसरकडे दवाखान्यांतली गर्दी वाढते. तारापूर एमआयडीसीमुळे बोईसरला दूरदूरचे कामगार राहायला आलेले, एकेका खोलीत चार-पाच जण. अनेक वस्त्यांत पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून दारोदारी भरलेली पिंपं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी नेमकी अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते आणि चावते दिवसा. त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी पुरी पडत नाही.

ओळखीचं कुणी अ‍ॅडमिट झालं की डबा घेऊन मी जाते. तिथे एक गोष्ट सारखी खटकते. नवऱ्याला, मुलाला ताप आला की दुसऱ्या दिवशी दवाखाना. बाई मात्र येते ती उभं राहवेना तेव्हा! आमच्या शेजारच्या वहिनींना तीन दिवस सणसणून ताप होता. डोळ्यांमागे ठणका, हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं. चौथ्या दिवशी ताप उतरला. ‘बरं वाटतंय गं’ म्हणत त्या धुणं घेऊन बसल्या. संध्याकाळी पोटात कळा, हातपाय गार. पाच दिवस रुग्णालयात काढून घरी आल्या, हे नशीब.

मैत्रिणींनो, खरी मेख इथेच आहे. बहुतेकांचा डेंग्यू विश्रांतीने आणि भरपूर पाणी-पेज घेतल्याने बरा होतो. पण ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस जोखमीचे. काहींच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि रक्तदाब कोसळतो. सगळे प्लेटलेट्सच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात, पण लक्षणंही तितकीच महत्त्वाची. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पाळीत नेहमीपेक्षा जास्त रक्तस्राव, लघवी कमी होणं, खूप गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. गरोदर बाईने तर तापाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून दिवस घालवू नका.

आणि ती पिंपं? आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. पिंपाला झाकण किंवा घट्ट फडकं हवंच.

हे सगळं आपण घरच्यांसाठी करूच. पण आपला ताप उतरला की लगेच पदर खोचू नका. दोन दिवस धुणं-भांडी, स्वयंपाक दुसऱ्या कुणी तरी करायचा, हे घरात स्पष्ट सांगा. तो आराम म्हणजे लाड नव्हेत, उपचारच आहे.