हिमस्खलन: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिंगोलीच्या शिवारात बर्फ दिसतो तो गारपिटीत, आणि तो पीक झोपवून जातो. पण हल्ली डिसेंबर-जानेवारीत मनाली, औली, केदारकंठाकडे मराठवाड्यातूनही तरुण निघतात. हिमस्खलनाची त्यांची माहिती बहुधा सिनेमातली असते.

गैरसमज: मोठ्याने ओरडले की बर्फ कोसळतो.
वस्तुस्थिती: माणसाच्या आवाजात थर फोडण्याइतका जोर नसतो, त्याच्या वजनात असतो. हिमस्खलनात सापडलेल्या गिर्यारोहक-स्कीपटूंच्या सुमारे ९० टक्के प्रसंगांत बर्फ त्यांनी स्वतः किंवा सोबत्यानेच सोडवलेला असतो.

गैरसमज: बर्फ थोडा असेल आणि वरून घट्ट लागत असेल तर भीती नाही.
वस्तुस्थिती: बर्फ थरांनी साठतो, आणि दगा देतो तो आतला थर. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, वरचा कितीतरी उणे. थर पातळ आणि थंडी कडक असली की तळची वाफ वर सरकते आणि तिथले कण साखरेसारखे सुटे होतात. मुठीत दाबले तरी गोळा होत नाही. त्यावर नव्या बर्फाची किंवा वाऱ्याने आणून टाकलेल्या बर्फाची लादी बसते. पाऊल पडताच खालून ‘धप्प’ असा आवाज आला, बर्फात तडा धावला, तर तिथूनच मागे फिरायचे.

गैरसमज: कडा जितका उभा, तितका धोका जास्त.
वस्तुस्थिती: फार उभ्या कड्यावर बर्फ टिकतच नाही, थोडाथोडा झडत राहतो. लाद्या घसरतात त्या बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, म्हणजे चालायला सोप्या वाटणाऱ्या जागीही. पायवाट सपाट असली तरी वरच्या उताराचा बर्फ तिच्यावर येऊ शकतो.

गैरसमज: जाणकार सोबत असले की काळजी नको.
वस्तुस्थिती: ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधल्या द्रौपदी का डांडा-२ शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. मृतांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू सर केले होते. महिना ऑक्टोबरचा होता, हेही ध्यानात ठेवावे.

गैरसमज: गाडले गेलो तरी मदत येईपर्यंत तग धरता येतो.
वस्तुस्थिती: ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्याचे सुनील सूर्यवंशी होते. सहाव्या दिवशी हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले, पण ११ फेब्रुवारीला त्यांचेही निधन झाले. हा प्रसंग अपवादच. पूर्ण गाडलेल्यांना दहा मिनिटांत बाहेर काढले तर दहातले नऊ वाचतात, अर्ध्या तासानंतर तीनातला एखादाच. थांबलेला बर्फ इतका आवळून बसतो की बोटही हलत नाही, आणि स्वतःच्याच उच्छ्वासाने माणूस गुदमरतो. म्हणून वाचवतात ते शेजारचे सोबती. तेही प्रत्येकाकडे संकेत देणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसायची लांब सळई आणि फावडे असेल तरच.

गैरसमज: इशारे नेहमीचेच असतात.
वस्तुस्थिती: डीआरडीओची चंडीगडची डीजीआरई ही संस्था हिमालयासाठी हिमस्खलनाचे अंदाज देते. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी तिने चमोलीसह काही जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वरच्या भागासाठी इशारा दिला. दुसऱ्याच दिवशी माणा गावाजवळ रस्त्याच्या कामावरचे ५४ मजूर गाडले गेले, आठ दगावले. मजुराला तळ सोडणे आपल्या हाती नसते. हौसेने जाणाऱ्याला बेत पुढे ढकलता येतो.

म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकाला तीन गोष्टी विचारा. निघण्याच्या दिवशीचा इशारा कोण पाहतो? वाटेत तीस अंशांहून जास्त उतार कुठे आहेत, आणि ते एकेक करून ओलांडता का? बर्फ पडल्यावर ट्रेक थांबवला तर पैशाचे काय? उत्तर गुळमुळीत आले, तर दुसरा आयोजक शोधा.